एका अंगाला जाळी

धायरी, पुणे
१६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय पोपटदादा,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, देवांना पाणी घातलं, आईला चहा दिला आणि अंगणातल्या पत्र्याखाली वेल्डिंगचं मशीन चालू केलं. घरच्या विजेवर चालणारं लहान मिग मशीन आहे, शेजारी गॅसची बुटकी टाकी आणि हातात धरायचा टॉर्च, ज्याच्या तोंडातून तार आणि गॅस एकत्र बाहेर येतात. गेल्या वर्षी हौसेनं घेतलं. भैरवनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांना कठडा करून देईन, असं मी गावात बोलून बसलोय. आईचे गुडघे गेलेत, तिच्यासारख्या बऱ्याच जणी आता खालूनच हात जोडतात.

दसऱ्यापर्यंत काम सुरेख चाललं होतं. त्या सकाळी मात्र पहिलाच जोड पावासारखा जाळीदार आला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. गॅस पोचत नाही एवढं कळलं. टाकी भरलेली आहे, वॉल्व्ह उघडा आहे, तारही तीच. आपल्या ट्रॉल्यांच्या शेडमध्ये मी आता फोरमन आहे, त्यामुळे तिथल्या मुलांना विचारायची लाज वाटते. रविराजशेठ, म्हणजे आपल्या मालकांचे चिरंजीव, म्हणाले, "मामा, नवीन टॉर्च घ्या की." पण रोग कळल्याशिवाय अवयव बदलायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

आई म्हणाली, "त्या पोपटला इचार की. तुझ्या हातात टारच त्यानंच दिला नव्हं?" म्हणून लिहितोय. पत्ता आपल्यासोबत शेडवर असलेल्या श्यामसुंदरकडून घेतला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, असं तो म्हणाला.

तुम्ही शेड सोडून गेल्याला पंधरा वर्षं झाली. याआधीच लिहायला हवं होतं. शालनवहिनींना नमस्कार.

आपला,
मच्छिंद्र

⁂

मांजरी, पुणे
२४ ऑक्टोबर २०२४

मच्छिंद्र,
जय भीम.

पंधरा वर्षांनी पत्र आलं आणि त्यात वेल्डिंगची तक्रार. शालन म्हणाली, "निदान तब्येत तरी विचारायची." मी म्हणालो, त्याच्या मशीनची तब्येत बिघडलीय, माझी चांगली आहे. कान तेवढे गेले. ग्राइंडरनं नेले. इथल्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपांवर मी असतो, पंपांना ऐकून घेणारा माणूस लागत नाही.

आता तुझं काम. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून गॅसचं पांघरूण असतं. पांघरूण सरकलं की जाळी. ते कुठे सरकतंय एवढंच शोधायचं.

आधी अंगणातला पंखा बंद कर. तुला घाम फार येतो, तू पंखा लावलेला असणार. मग टाकीपासून टॉर्चपर्यंत प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला की तिथे गळती. मग तारेचा दाब सैल करून टॉर्चचा नुसता ट्रिगर ओढ आणि टाकीवरच्या काचेच्या नळीतली गोळी बघ. ती बाराच्या आसपास तरंगली पाहिजे. गोळी बारावर असून तोंडाशी गॅस नसेल तर वाटेत गळतोय. गोळीच खाली राहत असेल तर पुढे कुठेतरी अडतोय. टॉर्च गालाजवळ धर. गालाला सगळं कळतं.

आणि एक. जाळी पडलेला जोड ग्राइंडर मारून, वर रंग फासून झाकू नकोस. कापायचा आणि परत करायचा.

मी स्वतः त्या ट्रॉलीनंतर टॉर्च हातात घेतलेला नाही. शालनच्या ऑपरेशनपायी दोन रात्री हॉस्पिटलात काढून मी दसऱ्यानंतर कामावर आलो आणि उसाच्या ट्रॉलीचा दांडा जोडला. तिसऱ्या दिवशी तो जोड तुटला आणि श्यामसुंदरचं पाऊल गेलं. जागरणानं हात चुकला माझा. हातावरचा विश्वास एकदा गेला की तो काही टाकीत भरून मिळत नाही. दर वर्षी त्या तारखेला श्यामसुंदरकडे जाऊन बसतो. तो चहा देतो.

गोळी किती चढते ते कळव. जमलं तर एक जोड कापून पाठव.

पोपट ओव्हाळ

ता. क. तुझ्या आईला सांग, टॉर्च मी दिला, पण पहिल्याच दिवशी तू माझा शर्ट जाळला होतास.

⁂

धायरी
१० नोव्हेंबर २०२४

पोपटदादा,
सप्रेम नमस्कार.

पंखा लावलेला होता. तुम्ही मांजरीत बसून तो कसा पाहिलात? बंद केला. साबणाच्या पाण्याला टाकीजवळच्या नळीत एक बुडबुडा आला, तिथली पट्टी आवळली. मला वाटलं, जिंकलो. आईला हाक मारून दाखवायला बोलावलं आणि तिच्यासमोरच जाळी आली. ती म्हणाली, "ह्यो कठडा हाय का चाळण?"

मग नुसता ट्रिगर ओढून बघितला. गोळी पाच-सहाच्या वर चढत नाही. टॉर्च गालाशी धरला तर एका बाजूनंच झुळूक लागते. जोडही तसाच येतो: एका अंगाला जाळी, दुसरं अंग चकचकीत. असं मी कधी पाहिलं नव्हतं. तुकडा कापून सोबत कुरियरनं पाठवतोय.

तुम्ही श्यामसुंदरकडे दर वर्षी जाता हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याच गल्लीतून रोज येतो-जातो. पत्त्यापुरतं काय ते बोललो, एरवी दिसला की हात करतो, तेवढंच.

मच्छिंद्र

⁂

मांजरी
१९ नोव्हेंबर २०२४

मच्छिंद्र,
जय भीम.

तुकडा मिळाला. तो बघितला आणि उठून माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात त्या तुटलेल्या दांड्याचा एक तुकडा मी ठेवलेला आहे. कशाला ठेवला, ते विचारू नकोस. माणसं काय काय ठेवतात.

दोन्ही तुकडे खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. शालन भाजी निवडत होती, म्हणाली, "अहो, हे दोन्ही एकाच हाताचे आहेत का?"

माझ्या तुकड्यालाही एकाच अंगाला जाळी आहे. तेव्हा वरून दोन-चार ठिपके दिसले होते. उडालेले थेंब असतील म्हणून मी त्यावरून ग्राइंडर फिरवला. आत एवढं असेल असं झोपेनं जड झालेल्या डोळ्यांना दिसलं नाही. नंतरही मी या तुकड्याकडे फक्त माझी चूक म्हणून बघितलं, वेल्डर म्हणून कधी बघितलं नाही. हात थरथरला तर जोड वाकडातिकडा येतो, मच्छिंद्र. तो एका अंगाला सडत नाही.

टॉर्चचं तोंड उघड. नोझल, म्हणजे पुढची नळी, काढलीस की आत पितळेचा तुकडा दिसेल, त्याला चहूबाजूंनी बारीक भोकं असतात. गॅस तिथून सगळीकडे सारखा पसरतो. एका बाजूची भोकं बुजली की पांघरूण अर्धंच. माझी खात्री आहे, तुझी बुजलीत. कशानं बुजलीत ते बघ आणि मला लिही. जे असेल ते लिही. मला तुझ्या कठड्यासाठी नको आहे ते.

पोपट

⁂

धायरी
२ डिसेंबर २०२४

पोपटदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं निदान अचूक निघालं. भोकं बुजलेलीच होती. वेल्डिंगचे थेंब उडून आत बसले होते. तो पितळेचा तुकडा बदलल्यावर गोळी बारावर गेली आणि जोड पहिल्यासारखे येऊ लागले. कठडा पुरा झाला, हिरवा रंगही दिला. गावानं नारळ दिला.

तुमचे उपकार विसरणार नाही.

मच्छिंद्र

⁂

मांजरी
१७ डिसेंबर २०२४

मच्छिंद्र,
जय भीम.

म्हणजे उडालेले थेंबच. चला, कळलं एकदाचं.

तेव्हाही तेच झालं असणार. काम सुरू करण्याआधी टॉर्चचं तोंड साफ करायचं, हे मी तुम्हा सगळ्यांना ओरडून सांगायचो आणि त्या दिवशी मीच केलं नाही. जागरणाचा हात परवडला असता. हा तर आळस झाला.

रविवारी श्यामसुंदरकडे गेलो आणि त्याला सांगून आलो की तुझं पाऊल माझ्या झोपेनं नाही, माझ्या हलगर्जीपणानं गेलं. तो म्हणाला, "पोपटदादा, आता हे नवीन कशाला?" त्याचंही बरोबर आहे.

शालनला वाटतं, मी पुन्हा टॉर्च धरावा. इथल्या फाटकाची बिजागरी तुटलीय, लोक बाहेरून माणूस बोलावतात. ती म्हणते, तुम्हीच करा. मी नाही म्हणालो. आता तर नाहीच.

डबा ओढ्यात टाकून दिला.

पोपट

⁂

धायरी
२४ ऑगस्ट २०२५

पोपटदादा,

तुमचं पत्र आठ महिने देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवलं होतं. रोज सकाळी दिवा लावताना त्याचा कोपरा दिसायचा. दोनदा उत्तर लिहून फाडलं.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. टॉर्चच्या तोंडात वेल्डिंगचे थेंब नव्हते. सहा भोकं होती, त्यांतली चार एका बाजूची बुजलेली. तीन भोकांत लाल खपली होती. एकातली सुईनं काढली, बोटावर चोळली. कुंकू होतं. तेल आणि आचेनं विटेसारखं घट्ट झालेलं. चौथ्यात जळून काळा झालेला तांदळाचा दाणा. अक्षता अखंड असाव्यात, पण त्या दिवशी घरात कणीच होती, ती भोकात बरोबर मावली.

खंडेनवमीला मी घरच्या मशीनची पूजा केली होती. टॉर्चच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल आत खोचलं. फूल काढताना बाकीचं आत गेलं. शेडमध्ये टॉर्चचे आतले भाग आता दर आठवड्याला बदलतात, म्हणून इतकी वर्षं कधी कळलं नाही.

दांडा तुटला त्या वर्षी शेडमधल्या टॉर्चचीही पूजा मीच केली होती. मालकांनी पहिल्यांदाच मला तो मान दिला होता. तुम्ही पूजेला उभे राहायचा नाहीत, बाहेर चिंचेखाली बसायचा आणि नंतर आमच्याकडून पेढा घ्यायचा. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, "मच्छिंद्र, बाकी काय ते कर, पण टॉर्चच्या तोंडात काही घालू नकोस. त्याचा श्वास कोंडतो." मला ते लागलं. मला वाटलं, तुम्ही बौद्ध, तुम्हाला आमची पूजा खुपते. वेल्डर वेल्डरला सांगतोय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. म्हणून मी मुद्दाम मोठं फूल घेतलं. एवढं मोठं, की ते दाबून बसवावं लागलं.

आणि दांडा तुटल्यावर मालकांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "असं झालंच कसं?" सगळ्यांच्या आधी मी बोललो. "पोपटदादा पूजेला नव्हते ना," एवढंच. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मशीन कोपलं." तुम्ही दाराशी उभे होता. तुम्ही ऐकलंत हे मला माहीत आहे, कारण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. पुढे तुमची जागा मला मिळाली.

कुंकू बोटावर आलं त्या क्षणी हे सगळं मला कळलं होतं, आणि तरीही मी तुम्हाला "थेंब" असं लिहिलं. त्या एका शब्दानं तुम्ही पुन्हा श्यामसुंदरच्या दारात गेलात.

आजही लिहिलं नसतं. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आई देवळाच्या पायऱ्या चढत होती. कठड्याला धरून थांबली, म्हणाली, "तुझ्या हाताला यश हाय रं," आणि त्याच वेळी खालचा जोड कुरकुरला. तिला ऐकू आलं नाही. मला आलं. तळाचे दोन जोड त्या पहिल्या सकाळचे आहेत. तुम्ही झाकू नकोस लिहिल्यावरही मी ते घासून रंगवले होते. उद्घाटनाची तारीख ठरली होती.

ते दोन्ही जोड मी त्याच दुपारी कापले आणि परत केले. तेवढं सोपं होतं.

रोज पूजा करणारा माणूस मी. माझा देव यावर काही बोलत नाही. बोलायचं मीच आहे, हे त्याला ठाऊक असावं.

मच्छिंद्र

⁂

मांजरी
७ सप्टेंबर २०२५

मच्छिंद्र,
जय भीम.

तुझं पत्र शालननं मोठ्यानं वाचून दाखवलं. चष्मा माझ्याच हातात होता, पण मला सुधरेना. मधे ती थांबली आणि पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली ती डोळे पुसून. मग म्हणाली, "पंधरा वर्षं हा माणूस झोपेत हात चाचपतो, मच्छिंद्रभाऊंना हे माहीत आहे का?" मी म्हणालो, आता होईल.

कुंकवाला दोष देऊ नकोस. कुंकू कपाळाला लावलं असतंस तर काही बिघडलं नसतं. तांदळालाही देऊ नकोस. आणि टॉर्च हातात घेण्याआधी त्याचं तोंड बघणं माझं काम होतं, ते मी बघितलं नाही, हे खरंच आहे. तेवढं माझ्याकडे राहू दे. बाकीचं मी आता तुझ्याकडे परत करतो. फार दिवस सांभाळलं.

तुला वाटत असेल, मी माफ केलं असं लिहीन. मला ते आज लिहिता येत नाही. तूही ते मागितलेलं नाहीस, एवढं बरं केलंस.

एकच सांगतो. मला काढलं ते चौदा माणसांसमोर. "पूजेला नव्हते" हे तू म्हणालास तेही चौदा माणसांसमोर. आणि खरं सांगितलंस ते बंद पाकिटात, एकट्याला, ज्याला ऐकूही येत नाही अशाला. गोळी अजून पाचावरच आहे, मच्छिंद्र.

श्यामसुंदरकडे मी आता जाणार नाही. मी त्याला दोनदा दोन कारणं सांगितली, दोन्ही चुकीची. तिसरं तू सांग.

पोपट

⁂

धायरी
३ ऑक्टोबर २०२५

पोपटदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रानंतर तीन वेळा श्यामसुंदरच्या गल्लीत वळलो आणि तिन्ही वेळा हात करून पुढे गेलो. चौथ्या वेळी तोच म्हणाला, "अरे, रोज वळतोस आणि जातोस. माझ्या दारात काय सिग्नल लागलाय?" मग आत गेलो.

सगळं सांगितलं. फूल, कणी, ते वाक्य, तुम्हाला लिहिलेलं खोटं, सगळं. तो पाय लांब करून खुर्चीत बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाऊल माझं गेलं, आणि झोप तुम्हा दोघांची. पोपटदादा दर वर्षी येतात, माफी मागतात, चहा अर्धा टाकून जातात. पुढच्या वर्षीपासून तू ये. त्यांना सुट्टी दे." मला हसू आलं, त्याला आलं नाही. उठताना म्हणाला, "मीपण त्या दिवशी 'मशीन कोपलं' हे खरं मानलं होतं, बरं का. दवाखान्यात पडून त्यांना शिव्या दिल्या होत्या. त्यांना हे लिही." म्हणून लिहितोय.

परवा खंडेनवमी होती. पूजेचं ताट नेहमीप्रमाणे माझ्या हातात आलं. शेडमध्ये आता तीसेक माणसं आहेत, निम्म्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. त्या चौदांपैकी मी धरून पाच उरलेत. श्यामसुंदरला मी रिक्षानं घेऊन गेलो होतो, तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. आदल्या दिवशी मी रविराजशेठना कल्पना दिली होती. ते म्हणाले, "मामा, आता कशाला जुनं उकरताय? वडीलही राहिले नाहीत." मी म्हणालो, सांगायचं तेव्हा सांगितलं नाही म्हणून आता. ते म्हणाले, "बघा बुवा. पोरं तुमच्यावर हसतील." एक-दोन जण हसलेही.

घरातून निघताना आईच्या पाया पडलो. तिला सगळं आधीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पोपट माझ्या घरी जेवून गेलेलं पोरगं. जा, बोल."

ताटात मी तो पितळेचा तुकडा ठेवला होता, घरच्या टॉर्चमधून काढलेला. खपली सगळी काढलेली नाही, दोन भोकांत तशीच ठेवली आहे. मशीनच्या पेटीला कुंकू लावलं, हार घातला. टॉर्चला काही लावलं नाही. त्याचं तोंड स्वच्छ फडक्यानं पुसलं आणि नमस्कार केला. मग ताट रविराजशेठच्या हातात दिलं आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

मी म्हणालो, "दोन हजार नऊ साली ज्या ट्रॉलीचा दांडा तुटला, तो जोड पोपट ओव्हाळ यांनी केला होता. जोड वाईट आला तो त्यांच्या हातानं नाही. आदल्या पूजेत टॉर्चच्या तोंडात कुंकू आणि अक्षता मी घातल्या होत्या. घालू नकोस असं त्यांनी मला सांगितलं होतं. आणि ते पूजेला नव्हते म्हणून हे झालं, असं इथे उभं राहून मीच म्हणालो होतो. ते खोटं होतं."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मागच्या बाजूला कंप्रेसर चालूच होता. पुढच्या दोन रांगा माझ्याकडे बघत होत्या, मागचे एकमेकांना काय झालं म्हणून विचारत होते. श्यामसुंदर स्टुलावरून ओरडला, "मागं पोचलं नाही!"

मी कंप्रेसर बंद करायला लावला. तो पूर्ण थांबेपर्यंत थांबलो. आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मच्छिंद्र